‘बाई, हे उरलेलं बक्षीस काय?’

जानेवारी-फेब्रुवारी आला, गॅदरिंगची गडबड सुरू झाली की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येणाऱ्या प्राथमिकच्या शिक्षकांची एकच तक्रार असते, फक्त शब्द वेगळे. बक्षिसं ठेवली की तीच तीन-चार पोरं घेऊन जातात आणि बाकीची हिरमुसतात, सगळ्यांना दिली तर कुणालाच त्याची किंमत राहत नाही, आणि काहीच नाही दिलं तर पालक विचारतात की शेजारच्या इंग्लिश मीडियमला दर महिन्याला सर्टिफिकेट देतात, मग तुमच्याकडं काय आहे? खानापूर, निपाणी, हुक्केरी, कर्नाटकातल्या बेळगावच्या आजूबाजूची गावं, शाळा सरकारी असो नाहीतर खाजगी, प्रश्न तोच. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बाई खानापूर तालुक्यातल्या, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या पावसाळी पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत. पट कमी, त्यामुळे चौथी-पाचवी एकत्र त्यांच्याकडे आणि पहिली ते तिसरीचं नली-कली, म्हणजे खेळातून शिकायचा एकत्र वर्ग, दुसऱ्या बाईंकडे. स्वभावानं हौशी. प्रतिभा कारंजी ह्या सरकारी शालेय सांस्कृतिक स्पर्धांना दरवर्षी ठराविकच मुलं पुढं जातात, क्लस्टरला म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात तीच, तालुक्यालाही तीच, हे त्यांना टोचत होतं, म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा वर्गातल्या प्रत्येकाला एक अवॉर्ड. मोबाईलवर शोधून नावं काढली, बेस्ट स्माईल, सुपर रीडर वगैरे, खानापुरात जाऊन स्वतःच्या पैशानं कलर प्रिंट काढल्या, टाळ्या वाजल्या, फोटो झाले. आणि मग चौथीतली एक मुलगी हातातलं सर्टिफिकेट घेऊन जवळ आली आणि ‘फळा पुसू काय’ असं विचारावं तितक्या सहज म्हणाली, ‘बाई, हे उरलेलं बक्षीस मला दिलात काय?’

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा ह्या वाक्यानं त्यांची झोप उडाली होती. ‘मॅडम, एवढं करून पण पोरीला असंच वाटलं, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.’

मी विचारलं, ‘तिच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलं होतं?’

‘गुणी आणि शांत विद्यार्थिनी.’

‘ती गुणी आहे हे तुम्हाला कधी दिसलं? एखादा प्रसंग सांगा.’

बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘मॅडम, ती कधी त्रास देत नाही.’

ह्या उत्तरापाशी मी थांबले. खरंतर इथं धीर द्यायचा मोह होतो, तुम्ही किती कष्ट घेतलेत वगैरे, पण मी तो आवरला. फक्त एक काम दिलं. पुढच्या वेळी हजेरीपटातली नावं कागदावर उतरवून आणा आणि प्रत्येक नावापुढं ह्या महिन्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट लिहा. मार्क नकोत, घरची परिस्थिती नको, हुशार-आळशी असलं काही नको.

पुढच्या वेळी बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि बोलेचनात. पहिल्या तीन-चार हुशार मुलांपुढं चार-चार ओळी. दोन दंगेखोर पोरांपुढं तर अर्धं पान. मधली नावं मात्र कोरी, एकाखाली एक. ‘ही सगळी रोज माझ्या समोर बसतात मॅडम, आणि मला यांच्याबद्दल एक ओळ लिहिता येईना.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि गप्प बसले, कारण इतकी वर्षं हे काम करताना मला एवढं नक्की कळलंय की माणूस स्वतःहून अशा जागी पोचला की समुपदेशकानं मध्ये बोलू नये. थोड्या वेळानं बाईच म्हणाल्या, ‘म्हणजे तिला जे वाटलं ते खरंच होतं. उरलेली नावं आणि उरलेली बक्षिसं मी जोडली होती.’

सगळी गोष्ट ह्या एका वाक्यात आहे. मुलांना बक्षीस मोठं की छोटं ह्याचं फारसं पडलेलं नसतं, ‘बाईंनी मला बघितलंय का’ हे त्यांना बरोब्बर कळतं. मी आल्फ्रेड ॲडलर ह्या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर काम करते, ते पहिल्यापासून, आणि अशा वेळी तो विचार किती खरा आहे हे परत परत दिसतं. ॲडलरनं 1920 च्या दशकात व्हिएन्नातल्या शाळांमधून मुलांसाठी सल्ला केंद्रं चालवली, त्यात शिक्षक आणि पालक दोघांना बरोबर घेतलं. त्याचं म्हणणं साधं आहे, मुलाला दोन गोष्टी हव्या असतात, मी ह्यांच्यातला आहे आणि माझा इथं काही उपयोग आहे. हे चांगल्या वाटेनं मिळालं नाही तर काही मुलं दंगा करून मिळवतात आणि काही गप्प होऊन नाद सोडून देतात. गप्प झालेलं मूल शिक्षकाला त्रास देत नाही, त्यामुळे आपलं लक्ष सगळ्यात उशिरा तिकडं जातं.

आता बक्षिसांचं. अमेरिकेत स्टॅनफर्डला 1973 मध्ये बालवाडीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, मी तो प्रत्येक शिक्षकाला सांगते. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, दुसऱ्या गटाला न सांगता नंतर दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळं खेळताना पाहिलं तर आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणून मी बक्षीस देऊच नका असं कधीच म्हणत नाही. आवडीच्या कामावर आधी बक्षीस लावू नका, दिसलं की द्या, एवढंच सांगते.

बाईंनी जूनपासून एक वही केली. रोज फक्त दोन नावं ठरवायची आणि त्या दोघांकडे दिवसभर लक्ष ठेवायचं, बाकी शिकवणं नेहमीसारखं. ‘पोर्शन कसा पुरा होणार’ ही भीती प्रत्येक शिक्षकाला वाटते, पण ह्यात वेगळा वेळ जातच नाही.

जुलैत त्या मुलीची पाळी आली, तोवर ती पाचवीत गेली होती. सकाळभर वहीत लिहावं असं काही मिळालं नाही. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या, जेवणाला मुलं नळावर हात धुवायला गेली तेव्हा बाई मुद्दाम व्हरांड्यात उभ्या राहिल्या. ही मुलगी नळाच्या बाजूला उभी होती, आणि पहिलीतलं प्रत्येक पोर हात पुढं करायच्या आधी त्याच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारून धरत होती. तिकडं जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, एकदा बाही भिजली की पोरगं घरी जाईपर्यंत तसंच ओलं. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि ती रोज करत होती.

बाई तिथंच जाऊन म्हणाल्या, ‘तू बाह्या वर धरतीस म्हणून ही पोरं दिवसभर कोरडी राहतात.’

‘बघितलासा तुम्ही?’ एवढंच म्हणाली आणि पुढच्या पोराच्या बाह्या धरल्या. दुसऱ्या दिवशी मात्र आपण होऊन बाईंकडे आली आणि सांगितलं की पहिलीतल्या एकाच्या घरी कन्नडच बोलतात, त्याला लघवीला जायचं तर कसं विचारायचं ते कळत नाही, म्हणून तो रडतो. जी मुलगी त्या एका प्रश्नाशिवाय वर्षभर बाईंशी कामापुरतंही बोलली नव्हती तिच्याकडून ही माहिती आली! हे ऐकताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही, ह्याचसाठी हे काम करते.

पुढं बाईंनी अवॉर्ड बंद केले नाहीत, उलट वाढवले, पण वहीतूनच. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी दोन-तीन, कुणाला ते आधी सांगायचं नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हातानं लिहायचं, नाव गमतीचं आणि खाली काय पाहिलं ते एका ओळीत. ‘कोरड्या बाह्या खात्याची मंत्री’ हा पहिला. मग कन्नड-मराठी दोन्हीकडं बोलून नवीन पोराला खेळात घेणाऱ्याला ‘दोन भाषांचा पूल’, भागाकार तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर आणणाऱ्याला ‘खोडरबर संपवला पण सोडलं नाही’, शिकवताना मध्येच भलते प्रश्न विचारून बाईंना दमवणाऱ्याला ‘प्रश्नांचा कारखाना’. ती खालची एक ओळ हेच खरं बक्षीस, ती सुचत नसेल तर त्या शनिवारी त्या मुलाला देऊ नका, आधी बघा.

मुलांनाही एकमेकांकडे बघायला लावा. आम्ही ‘जोडीदाराची बातमी’ बसवली, आठवड्यासाठी चिठ्ठी टाकून जोडी लावायची आणि शुक्रवारी प्रत्येकानं उभं राहून जोडीदारानं केलेली एक चांगली गोष्ट बातमी वाचल्यासारखी सांगायची, लिहिता येत नसेल त्यानं चित्र दाखवायचं. पहिले दोन आठवडे सगळे ‘त्यानं मला पेन्सिल दिली’ एवढंच सांगतात, घाबरू नका, नंतर नजर तयार होते. आणि वर्षातून काही वेळा सगळ्या वर्गाचं मिळून एक बक्षीस ठेवा. सगळ्यांचे पाढे मिळून पाठ झाले की शनिवारी चिरमुऱ्यांची भेळ, कांदा कापण्यापासून सगळं मुलांनी करायचं, कापायला मोठी मुलं आणि बाई शेजारी. पुढं असलेलं मूल मागं असलेल्याला घेऊन बसतं, कारण त्याशिवाय भेळ होत नाही.

काही अवॉर्ड मात्र देऊच नका. ‘बडबड्या’, ‘झोपाळू’, ‘लेट लतीफ’ हे वर्गात हसायला बरे वाटतात पण गावात ते नाव चिकटतं, घरी मोठ्यानं वाचलं जातं. स्वच्छ गणवेशाचा नको, कारण ज्याच्याकडं एकच जोड आहे आणि पाऊस थांबत नाही त्यानं काय करायचं? शंभर टक्के हजेरीचाही विचार करून द्या. धाकट्या भावंडाला सांभाळायला आई घरी ठेवून घेते त्या पोरीची गैरहजेरी तिची नसते. त्यापेक्षा आठ दिवसांनी येऊन मैत्रिणीची वही मागून राहिलेलं उतरवून काढलं, हे लिहा.

पालक येतात, ‘आमच्या पोराला का नाही?’ तेव्हा बाई वही उघडून त्याच्याबद्दलची नोंद वाचून दाखवतात. एक वडील भांडायला आले होते, ते ऐकून म्हणाले, ‘घरी तर कायच करत नाही हो!’ आणि खाली बसले, मग अर्धा तास पोराबद्दलच बोलणं झालं. एसडीएमसीचे म्हणजे शाळा समितीचे सदस्य किंवा देणगीदार पहिला-दुसरा-तिसरा नंबरच हवा म्हणतात, तर गॅदरिंगला ते द्या, वाद घालू नका, पण त्याच स्टेजवर वहीतल्या चार-पाच ओळीही वाचायला मागा. बहुतेक वेळा कुणी नाही म्हणत नाही.

वही साधी शंभर पानी चालते. रकाने आखू नका, प्रत्येक मुलाला दोन पानं सोडा आणि तारीख घाला. महिन्याच्या शेवटी फक्त चाळा, ज्याचं पान कोरं दिसेल त्याचं नाव सोमवारी पहिलं.