काकूंचे उसवलेले टाके

तुम्ही लिहिता की महिन्यातून एकदा भरणाऱ्या गोधडी मंडळात तुम्ही गेली सहा वर्षे जाता आणि तिथल्या सर्वांत वयस्कर काकूंनीच तुम्हाला सुई धरण्यापासून सारे शिकवले. दीर्घ आजारातून उठलेल्या एका सदस्येसाठी नऊ जणींनी बारा इंची नऊ चौकोन शिवायचे ठरले आणि ते गोळा करण्याचे काम तुमच्याकडे आले. काकूंचा चौकोन पाऊण इंचाने लहान भरला, टाकेही वेडेवाकडे होते; म्हणून तुम्ही तो घरी पूर्ण उसवलात, त्याच तुकड्यांतून पुन्हा शिवलात आणि कुणाला काही सांगितले नाहीत. पुढच्या भेटीत काकूंनी तो उचलला, उलटा करून पाहिला आणि न बोलता खाली ठेवला. त्यानंतरच्या भेटीला त्या सुईची डबी न आणताच आल्या आणि तीन तास इतरांच्या कापडांच्या घड्या घालत बसल्या. आता त्यांच्याशी बोलावे की काळच हे विसरायला लावील, असे तुम्ही विचारता.

बोलावे, आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन बोलावे. रोज भेटणाऱ्या माणसांत एखादी गोष्ट न बोलताही निवळते, कारण दुसऱ्या दिवशी दुसरे काही घडते. महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांच्या बाबतीत मधले तीस दिवस रिकामे असतात, आणि त्या रिकाम्या दिवसांत मनाला लागलेली गोष्ट वाढत जाते. काकूंनी एक महिना डबी आणली नाही; दुसऱ्या महिन्यात त्या स्वतःच येणार नाहीत, अशी मला खरोखर भीती वाटते.

त्यांना कळले असेल का, अशी शंका तुम्ही पत्रात दोनदा व्यक्त केली आहे. ती सोडून द्या. ज्यांनी आयुष्यभर हाताने शिवले, त्यांना स्वतःचा टाका अक्षरासारखा ओळखता येतो. गाठ कुठे मारायची, दोरा कोणत्या बाजूने वळवायचा, शेवटी किती टाके दुहेरी घालायचे, हे सगळे हाताच्या सवयीने ठरते. घट्ट विणीच्या सुती कापडात जुन्या सुईची छिद्रेही लगेच बुजत नाहीत. त्यांनी चौकोन उलटा केला, तेव्हाच त्यांना सारे समजले.

तुमचा हेतू वाईट नव्हता आणि चौकोन लहान होता हेही खरे. तरीही तो लहान का झाला, हे थोडे तपासून पाहा. ठिगळकामात जोडशिवण, म्हणजे कडेपासून शिवणीपर्यंतचे कापड, पाव इंचाची धरतात. एका चौकोनात आठ पट्ट्या असतील तर सात शिवणी येतात. प्रत्येक शिवण केवळ एक सोळांश इंचाने रुंद पडली, तरी ती दोन्ही पट्ट्यांतून तेवढे कापड खाते आणि सात शिवणींत मिळून पाऊण इंचाहून अधिक घट येते. एवढी चूक डोळ्यांना दिसतसुद्धा नाही आणि ती तरुण हातांकडूनही होते. चौकोनाभोवती अरुंद पट्टी जोडून माप पूर्ण करता आले असते. गोधडी करणारे असे नेहमी करतात. पट्टी तुम्हीच जोडली असती, पण आतला टाका काकूंचा राहिला असता.

दोष दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. कडेपासून फार थोडे कापड धरलेली शिवण धुण्यात उसवते आणि गाठ न मारलेला दोरा निघून येतो. असे काम कुणाचेही असो, ते पुन्हा करावेच लागते, आणि ते ज्या व्यक्तीचे आहे तिला सांगून करावे लागते. टाका लहानमोठा पडणे हा मात्र फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी दुसऱ्याचे काम उसवण्याचा अधिकार मंडळात कुणालाच नाही, आणि या मताबद्दल मी ठाम आहे. एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ अनेक हातांनी मिळून केलेली गोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येकाचे माप ३ फूट बाय ६ फूट असे ठरलेले होते. त्या मापाच्या आत मात्र कुणी शिवले, कुणी रंगवले, कुणी गेलेल्या माणसाचे कपडे लावले. माप सर्वांचे एक आणि हात ज्याचा त्याचा, एवढाच नियम तुमच्या मंडळालाही पुरेल. त्यासाठी पुढच्या वेळी सर्व तुकडे एकाच साच्यावर भेटीतच कापा आणि शिवणीची रेघ प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने आखून द्या. मात्र हे सर्वांसाठी करा, एकट्या काकूंसाठी नको.

त्यांच्याकडे गेल्यावर ‘मी मदत केली’ हे शब्द उच्चारू नका. त्यांच्या दृष्टीचा किंवा थरथरत्या हाताचा उल्लेखही तुम्ही होऊन करू नका. ‘तुमचा चौकोन मी तुम्हाला न विचारता उसवला, ते चुकले, आणि तेव्हापासून मला तुमच्यासमोर बसणे जड जाते,’ एवढे सांगून थांबा. त्या रागावतील, रडतील किंवा ‘त्यात काय एवढे’ म्हणून विषय बदलतील. तिसरी शक्यता सर्वांत अवघड आहे, कारण तेव्हा सुटल्यासारखे वाटून उठून यावेसे वाटते. उठू नका. थोडा वेळ बसा.

दिसत नाही, असे त्या स्वतः म्हणाल्या, तर मोठ्या नेढ्याची सुई, जाडसर दोरा आणि लांब टाका हा मार्ग सुचवा. जाड दोऱ्याने मुद्दाम लांब टाके घालून गोधडी भरणे ही मान्य पद्धत आहे, आणि फिकट कापडावर गडद दोरा घेतला तर तो टाका शोभूनही दिसतो. हवे तर ही संपूर्ण गोधडी सर्वांनीच तशी भरावी.

चौकोन जोडताना पश्चात्तापापोटी काकूंचा चौकोन मधोमध लावू नका. रंग जिथे जुळेल तिथे तो लावा, नाहीतर सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर खिळतील. वरचे कापड, मधले भरण आणि अस्तर हे थर धरून ठेवण्यासाठी मधून कडेकडे जे कच्चे टाके घालायचे असतात, ते सोपे म्हणून त्यांच्याकडे सोपवण्याचा मोह तुमच्यापैकी कुणाला तरी नक्की होईल. तो आवरा, कारण ते टाके शेवटी उसवायचेच असतात. त्यांना पक्का दोरा द्या, आणि कोणत्या चौकोनापासून सुरुवात करायची ते त्यांनाच विचारा.