स्टार ट्रेकमधलं मॉकबारा खरंच लढाईत चालेल का?

तुम्ही विचारलंय की स्टार ट्रेक या सायन्स फिक्शन मालिकेतला वॉर्फ, म्हणजे क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासी जमातीतला ऑफिसर, जे स्लो मोशनमध्ये हातपाय फिरवतो ते मॉकबारा म्हणजे क्लिंगॉन लोकांचा नुसता व्यायाम आहे का, मारामारीत त्याचा काय उपयोग. माझं सरळ उत्तर, उपयोग आहे आणि भरपूर आहे, उलट क्लिंगॉन म्हणजे फक्त आरडाओरडा आणि हाणामारी असं ज्यांना वाटतं त्यांनी मॉकबारा नीट बघायलाच हवं.

ते ताई ची या चिनी मार्शल आर्टसारखं दिसतं कारण ते तिथूनच आलंय. डॅन करी 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या सिरीजच्या व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम बघायचे, पण स्वतः मार्शल आर्ट्स शिकलेले, त्यांनीच ते बसवलं. १९९० मध्ये 'रीयुनियन' एपिसोडमध्ये दिसलेलं बॅटलेथ, म्हणजे क्लिंगॉन लोकांचं ते वाकडं दुधारी शस्त्र, ते पण त्यांचंच डिझाइन. आता ताई ची हळू का करतात तर वेगात केलं की चुका लपतात, हळू केलं की वजन नेमकं कुठल्या पायावर आहे, कंबर आधी वळतेय की हात, सगळं उघडं पडतं, आणि समोरच्याला ढकलायची किंवा पाडायची ताकद तिथूनच येते, दंडातून नाही. वॉर्फ जहाजावर मॉकबाराचा क्लास घेतो, तो बघताना त्याच्या हातांकडे नका बघू, पायांकडे बघा.

पण मला मॉकबारा आवडतं ते १९९४ च्या 'लोअर डेक्स' या एपिसोडमुळे. सीटो जाक्सा नावाची ज्युनियर ऑफिसर, अकॅडमीत असताना एका अपघाताची खरी माहिती दडवण्यात सामील होती, म्हणून जहाजाचा कॅप्टन पिकार्डने तिला चांगलंच झापलेलं असतं. वॉर्फ क्लास संपल्यावर तिला थांबवून घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि म्हणतो आता माझा वार ओळख. ती आपटते, उठते, परत आपटते, आणि शेवटी पट्टी काढून म्हणते की ही टेस्टच फेअर नाहीये. तर तो म्हणतो शाब्बास, पास झालीस! अन्याय होत असेल तर तोंड उघडायचं, हे त्याला शिकवायचं होतं. मग ती खरंच पिकार्डसमोर जाऊन ठामपणे बोलते. खरी लढाई अशी नाहीच त्या सीनमध्ये आणि तरी मला त्या पूर्ण सिरीजमधला हा सगळ्यात भारी फाइट सीन वाटतो.

१९९३ चा 'बर्थराइट' दोन भागांत आहे, त्याचा दुसरा भाग पण बघा. रोम्युलन, म्हणजे क्लिंगॉनांच्या शत्रू जमातीच्या, कैद्यांच्या कॅम्पमध्ये वाढलेल्या क्लिंगॉन पोरांना स्वतःची संस्कृतीच माहीत नसते, वॉर्फ त्यांच्यासमोर मॉकबारा करायला लागतो आणि पोरं हळूहळू त्याच्याकडे ओढली जातात. आधी 'लोअर डेक्स' बघा, मग हा.