सहाव्या अध्यायातलं पाचवं वचन

“ताई, मुलाचं कर्ज फेडायचं थांबवलं तर देवापुढे मी चुकेन का?” हा प्रश्न कितीतरी आया मला विचारतात. डिचोलीकडच्या एका मावशींनी विचारला, तेव्हा त्यांच्या मांडीवर पतसंस्थेच्या पावत्यांची पिशवी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) तिशीतला मुलगा मटक्यात बुडालेला. तीनदा त्यांनी देणी फेडली, तिसऱ्यांदा पाटल्या गहाण टाकून.

त्यांनी बायबल उघडून दाखवलं. गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय, दुसरं वचन : एकमेकांची ओझी वाहा. लाल पेन्सिलीने इतक्यांदा गिरवलेलं, की कागद विरत आला होता.

“मावशी, जरा पुढे वाचा.”

पाचव्या वचनात हे पत्र लिहिणारा पौल सांगतो, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहायचा. त्या गोंधळल्या. मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत. ‘बारोस’ म्हणजे जड ओझं, माणूस ज्याखाली दबतो ते. ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं. आपल्याकडे दुसरं वचन जितकं कानावर पडतं तितकं पाचवं पडत नाही. त्याची किंमत आयांना मोजावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग आम्ही कागद घेऊन वाटणी केली. नातीची फी, सुनेची औषधं, घरचं रेशन हे ओझं; ते मावशींनी उचलावं, पण मुलाच्या हातात रोकड द्यायची नाही. मटक्याची उधारी हा त्याचा भार. आणि बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात त्याच्यासोबत जाणं? ते परत ओझ्यातच, कारण जुगाराचं व्यसन एकट्याच्याने सुटणं कठीण.

“तो म्हणतो, जीव देईन,” मावशी हळूच बोलल्या. असं बोलणं मी कधीच नुसती धमकी समजून सोडत नाही. त्याला एकटं ठेवायचं नाही, 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करायचा, हे तिथल्या तिथे ठरवलं. निघताना आम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला : बापाकडून वाटा घेऊन दूर देशी गेलेल्या आणि तिथे सगळं उधळलेल्या मुलाची गोष्ट. उधळ्या मुलाच्या बापाने दूर देशी पैसे पाठवल्याचं त्यात कुठेच नाही. मुलगा परतताना दिसला, तेव्हा मात्र तो धावत गेला.

मुलगा बांबोळीला गेला, मधेच सोडलं, पुन्हा जाऊ लागला. पाटल्यांचं व्याज आता तोच भरतो. दोन महिने चुकले, तेव्हा मावशींनी भरलं नाही. रात्रभर झोप लागली नाही म्हणाल्या. नातीची फी मात्र त्या स्वतः शाळेत जाऊन भरतात.