दोन पावसाळे बोर्डो न फवारता निभावले, मग खर्च कशाला?

गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे भागांतील कुळागरवाल्यांचे, म्हणजे पोफळीच्या बागायतदारांचे, दोन प्रश्न. पहिला: दोन वर्षं पोफळींवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) फवारलं नाही, तरी सुपारी गळली नाही, शेजाऱ्याने फवारलं, त्याची गळली. मग पैसे का घालवायचे? दुसरा: मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) आणि चुना उघड्या हातांनीच कालवतो, आजवर काही झालं नाही. हातमोजे खरंच लागतात का?

पहिल्याबद्दल. तुम्ही पाहिलं ते खरं आहे, पण त्यावरून फवारणी निरुपयोगी ठरत नाही. पावसाळ्यात सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगाची बुरशी, फायटोफ्थोरा, पाण्यावर पसरते. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ती एका घडावरून दुसऱ्यावर जाते. झड लागून राहिली, मध्येच ऊन पडलं, हवेत ९० टक्क्यांवर दमटपणा आणि पारा २० ते २३ अंशांपर्यंत उतरला, की तिचं फावतं. पावसाने मोठी उघडीप दिली तर न फवारलेली बागही तरते. समजा, तुमच्या भागात रोग सरासरी तीन वर्षांतून एकदा जोरात येतो. तरीही काहीच न करता सलग दोन वर्षं सुखरूप जाण्याची शक्यता ९ पैकी ४ उरते, म्हणजे जवळजवळ निम्मी. असे तरलेले बागायतदार तिठ्यावर छातीठोकपणे बोलतात. ज्याची सुपारी गेली तो सहसा गप्प असतो. कानावर येणारा अनुभव आधीच एका बाजूला झुकलेला असतो तो असा. बोर्डोची शिफारस एका बागेवरून झालेली नाही. म्हैसूर संस्थानात बुरशीशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१०च्या सुमारास या रोगाचा अभ्यास केला, तेव्हापासून ती टिकून आहे.

शेजाऱ्याची फवारणी का फसली, हे आधी पाहा. बोर्डो बुरशीला बाहेर थोपवतं; आत शिरलेल्या बुरशीला मारत नाही. म्हणून फवारणीचा पहिला हात मिरगाआधी, मेअखेरीस हवा. पाऊस लागून पंधरवडा झाल्यावर मारलेला फवारा बहुधा उशिराचा. दुसरा हात ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून. पाऊस लांबला तर तिसरा.

मिश्रणातही चुका होतात. १०० लिटरसाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवा, १ किलो कळीचा चुना वेगळा विरवून, गाळून उरलेल्या ५० लिटरांत घ्या. पिंपं प्लॅस्टिकची, लोखंड किंवा पत्रा नको. चुन्याचं पाणी थंड झालं की मोरचुदाचं पाणी त्यात हळूहळू ओतत ढवळा. उलट केलं तर कण जाड होतात, तळाला बसतात आणि नोझल तुंबतं. पोतं उघडं राहिलेला चुना हवा खाऊन अशक्त होतो; मग मोकळं तांबं राहून कोवळी सुपारी भाजते. घासून लखलखीत केलेली सुरी काही मिनिटं मिश्रणात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याचं पाणी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं वापरू नका. फवारा घडाच्या आतल्या बाजूला, सुपारीच्या देठाकडच्या टोपीपाशी पोचला पाहिजे, कारण रोग तिथूनच धरतो. वरवर निळसर दिसणारा घड आतून कोरडा असू शकतो. झाडावर लटकलेले मागच्या वर्षीचे वाळके घड उतरवले नसतील तर रोगाचं बी डोक्यावरच आहे.

तुमचा अनुभव जिथे आमच्यापेक्षा वरचढ आहे ती बाब वेगळी. कुठल्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही, ओहोळाकाठच्या कुठल्या पोफळींची गळ आधी सुरू होते, हे कागदावर नसतं. फवारणीची सुरुवात तिथून करा.

तरीही पडताळायचं असेल तर एकाच उताराच्या, सारख्याच ओलीच्या भागात १० पोफळी न फवारता ठेवा आणि त्याच भागातल्या फवारलेल्या १० पोफळींवर रंगाची खूण करा. कोरडा भाग न फवारता ठेवून ओल्याशी तुलना केलीत तर ती फसवी ठरेल. जूनच्या सुरुवातीला प्रत्येकीवरच्या सुपाऱ्या अंदाजे मोजा. मग दर आठवड्याला खाली पडलेल्यांतल्या फक्त टोपीजवळ गर्द हिरवा ओला डाग किंवा पांढरी बुरशी असलेल्या मोजा. किडीने वा अन्नद्रव्यांच्या कमतरतेने पडलेल्या वेगळ्या धरा. हे तीन पावसाळे चालू द्या आणि आकडे वहीत लिहा. आठवणीत वाईट वर्ष फुगतं, बरं वर्ष विसरतं. डागाळलेल्या सुपाऱ्या लगेच उचलून बागेबाहेर पुरा, नाहीतर या १० पोफळी बाकीच्यांना रोग देतील.

दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात: हो, लागतात. उघड्या हाताने दरवेळी इजा होत नाही, पण एकदा डोळ्यात उडालं की पुरे. कळीचा चुना विरताना उकळतो, शिंतोडे उडतात आणि डोळ्याचं बुबुळ भाजू शकतं. मोरचूदही डोळ्यांना घातक. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, पाण्यात चुना थोडा थोडा सोडा, चुन्यावर एकदम पाणी ओतू नका. डोळ्यात गेलंच तर चोळू नका. निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा.