तुटक रेषेवरचा रस्ता

प्रश्न : गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका नव्या वसाहतीत तीन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट घेतला. एकूण ३६ बिऱ्हाडं. आत पेव्हर, दिवे, रखवालदार सगळं आहे. पण फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचे ४०० मीटर म्हणजे भाटातून, माडांच्या बागेतून, गेलेली कच्ची माती. मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा जातो, तिथे बिल्डरने पुरलेला फूटभर पाइप माडाच्या चुडतांनी तुंबतो. शाळेची बस, बालरथ, आत येत नाही, पाव विकणारा पोदेर मुख्य रस्त्यावरच पोंपों वाजवून निघून जातो. गेल्या चवथीला ह्यांनी आणि दिरांनी गणपती पाटावर धरून चिखलातून चालत आणला. बिल्डर म्हणतो, रस्ता पंचायत करील. पंचायत म्हणते, रस्ता खासगी आहे. भाटकार, म्हणजे मधल्या जमिनीचा मालक, म्हणतो, मी फक्त बांधकामापुरती वाट दिली होती. आम्ही कोणाच्या दारात जावं? – एक वाचिका

उत्तर : ताई, भाटकाराचं वाक्य तुम्ही शेवटी सहज लिहिलंत, पण सगळी गोम तिथेच आहे.

मी ड्राफ्ट्समन होतो. तीसेक वर्षं ट्रेसिंग पेपरवर रस्ते काढले. असलेला रस्ता अखंड रेषेने, व्हायचा असलेला तुटक रेषेने. तुटक रेषेला शाई कमी लागते, एवढाच तिचा फायदा. आणि एवढं कळत असूनही स्वतःच्या घराचा प्लॉट घेताना मी नकाशावरच्या तुटक रेषेकडे बघून ‘होईल की वर्षा-दोन वर्षांत’ म्हणालो होतो. नऊ वर्षं स्कूटर शेजाऱ्याच्या अंगणात लावली. तेव्हा शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही, ठेच कुठे लागते तेवढं मला ठाऊक आहे.

आधी सर्व्हे प्लॅन काढा आणि तुमच्या फाटकापासून डांबरापर्यंत रस्ता किती सर्व्हे नंबरांतून जातो ते मोजा. त्या प्रत्येक नंबराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) घ्या. कब्जेदार म्हणून कोणाची नावं आहेत आणि इतर हक्कांत वाटेची नोंद आहे का, हे पाहायचं. एक भाटकार तुमच्याशी बोलत असेल, पण उताऱ्यावर त्याची चार भावंडंही निघतात, त्यातलं एखादं पोर्तुगालला. तुमच्या खरेदीपत्रात ‘रस्त्यासह’ असं कितीही ठसठशीत लिहिलेलं असो, बिल्डरकडे जे नव्हतं ते तो तुम्हाला कुठून देणार?

मग मंजूर आराखडा. मंजुरी घेताना प्लॉटपर्यंत पोचायची वाट दाखवावी लागते. ती भाटकाराच्या लेखी संमतीवर दाखवली की एखाद्या जुन्या पायवाटेवर? माझा अंदाज पायवाटेचा. हे मी इतक्यांदा पाहिलंय. गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, कडेने माणसं जायची, मग टिपर जाऊ लागले, गडगा ढासळला, वाट रुंदावली आणि सगळे तिला रस्ता म्हणू लागले. कायदा म्हणत नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याचं २८वं कलम सांगतं की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. चालत जायचा हक्क म्हणजे गाडी न्यायचा हक्क नव्हे. आणि वहिवाटीने हक्क मिळवायचा तर २० वर्षं लागतात. तुमची झालीत तीन.

पंचायतीवर या एका बाबतीत रागावू नका. (बाकीच्या बाबतींत तुमची मर्जी.) दुसऱ्याच्या जमिनीत ती डांबर कसं ओतणार? जागा दानपत्राने तिच्या नावावर झाली, की मग ग्रामसभेत उभं राहून हक्काने विचारता येईल.

बिल्डरला मात्र सोडू नका. रेरा या बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६च्या कायद्यात १२वं कलम आहे : जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. ते गुळगुळीत माहितीपत्रक शोधा. तुम्ही टाकलं असेल, तर ३६ घरांत एकाकडे तरी लोणच्याच्या बरणीखाली सापडेल. प्रकल्पाची नोंदणी करताना त्याने रस्त्याबद्दल काय लिहून दिलं, तेही रेराच्या संकेतस्थळावर वाचा. तक्रार सोसायटीच्या नावाने करा. एकट्या बाईचं पत्र फायलीत झोपतं.

पण तक्रारीने यंदाचा पाऊस थांबणार नाही. म्हणून भाटकाराकडे जा, बिल्डरला बरोबर न घेता. त्याचे किती माड गेले ते आधी विचारा. मला वाटतं आजवर कोणी विचारलेलं नसेल. किंमत ठरली की सगळ्या कब्जेदारांच्या सह्यांनी वाटेच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त करा. त्यात सर्व्हे नंबर, रुंदी, गाड्या, गटार, पाण्याची पाइप, विजेचे खांब ही सगळी नावं घालून लिहा. ‘येण्याजाण्यासाठी’ एवढंच लिहिलंत, तर उद्या पाइप घालताना पुन्हा त्याच्याच व्हरांड्यात बसाल. खर्चाचा दावा नंतर बिल्डरवर लावता येतो. आणि डांबराआधी व्हाळावर मोरी. त्या फूटभर पाइपवर घातलेलं डांबर पहिल्या आषाढात व्हाळातून खाली जाईल.

प्रश्न : पेडण्यात मोपा विमानतळाजवळ प्लॉट बघतोय. नकाशावर ‘प्रस्तावित १० मीटर रस्ता’ आहे. घ्यावा का? – एक वाचक

उत्तर : ‘प्रस्तावित’वर बोट ठेवून विचारा, कोणी प्रस्तावित केला? सरकारी आराखड्यातला असेल, तर भूसंपादन कुठवर आलं ते बघा. विकणाऱ्यानेच केला असेल, तर मधल्या जमिनींचे उतारे मागा. एजंट ‘ते मागाहून’ म्हणाला, तर पैसेही मागाहून. आणि जागा जुलैत बघा, स्वतःच्या स्कूटरवरून.