दोरा गुंडाळलेली पाटली

"मॅडम, आई काहीच खात नाहीत. वय झालं की असंच व्हायचं ना?"

सूनबाईंचा पहिलाच प्रश्न. मी आहारतज्ज्ञ; हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येतो, आणि विचारणारा उत्तर बहुधा घरूनच घेऊन आलेला असतो.

आजी शेजारी बसल्या होत्या. वय ७४, गळ्यात तुळशीची माळ. हातातली पाटली निसटू नये म्हणून तिला आतून दोरा गुंडाळला होता. "हा दोरा कधीपासून?" मी विचारलं. "दिवाळीत बारीकसा होता, आता दुसरा वेढा घातलाय," आजी म्हणाल्या. वजनकाट्याने तेच सांगितलं: वर्षापूर्वी ५२ किलो, आता ४६. काही न करता वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. साखर, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, सगळं तपासून झालं, गंभीर काही निघालं नाही. मग आम्ही जेवणाकडे वळलो.

आजी खात नव्हत्या असं नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी आसट वरणभात, पुन्हा चहा-खारी, रात्री दूधभात. गुरुवार आणि एकादशीला साबुदाणा. उसळ, भाकरी, दाणे बंद, कारण खालची कवळी टोचायची. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं, "उगाच खर्च" म्हणून. मी प्रथिनांचा हिशोब मांडला तर दिवसाला २०-२२ ग्रॅम. या वयात किलोमागे निदान १ ग्रॅम तरी हवं, म्हणजे त्यांना ४६ च्या पुढे. म्हातारे स्नायू तरण्यांइतके पटकन प्रथिनं उचलत नाहीत, म्हणून उलट जास्तच लागतात.

"पण डाळी-बिळी वाढवल्या तर किडनीवर नाही येणार?" किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. यांचे रिपोर्ट चांगले होते आणि एवढ्या प्रमाणात भीती नव्हती.

मग पायांतली ताकद बघायला, खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा, म्हटलं. पहिल्यांदा उठताना आजींचे हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांवर गेले. तिसऱ्या वेळी त्या थांबल्या. सूनबाईंचे डोळे भरले. "आम्ही तर त्यांना हातात पाणीसुद्धा आणून देतो. जिना उतरू देत नाही."

तिथेच घोळ होता, पण तो त्या दिवशी तोंडावर सांगायचा नसतो. गेल्या पावसाळ्यात तापाने आजी दहा दिवस अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून घरच्यांनी मायेनं सगळं हलकं केलं: जेवणही आणि कामही. न वापरलेला स्नायू म्हातारपणी भराभर उतरतो, आणि आसट वरणात डाळ किती ती आपल्याला ठाऊकच आहे.

आम्ही ठरवलं ते फार नव्हतं. रात्री दूधभाताच्या जोडीला मऊ पिठलं. सकाळी खारीऐवजी मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही. दुधात दोन चमचे दुधाची पावडर. एकादशीला साबुदाण्याबरोबर दाण्याची आमटी, पनीर. कवळी दंतवैद्याकडून घासून घ्यायची. आणि टीव्हीच्या मालिकेत जाहिरात लागली की खुर्चीतून उठबस, सुरुवातीला हात टेकून. भाजी निवडायचं काम आजींकडे परत, तेही ओट्याशी उभं राहून. त्यावर मुलगा माझ्यावर जरा चिडलाच.

तीन महिन्यांनी आजींनी पाच उठबशा पूर्ण केल्या, १४ सेकंदांत. वजन जेमतेम दीड किलोच वाढलं. पाटलीचा दोरा तसाच होता.

परवा सूनबाईंचा फोन: "मॅडम, आई एकट्याच जिना उतरून वाण्याकडे गेल्या! रागवू का?"

"आणलं काय त्यांनी?"

"खारी."