मुलासाठी हॉकी स्केट्स घेताना
‘दोन नंबर मोठे घेऊ, पुढच्या वर्षीही चालतील’ असा विचार कृपा करून करू नका. सैल स्केटमध्ये टाच उचलली जाते, घोटा आत कलतो, फोड येतात आणि पोर खेळायलाच कंटाळतं.

मुंबईत धोबीतलावच्या खेळाच्या सामानाच्या दुकानांत संध्याकाळी जा, तेव्हा पावलं थोडी फुगलेली असतात. खेळताना घालतो तेच पातळ मोजे न्या. हॉकी स्केटचा नंबर बहुधा बुटापेक्षा एक-दीडने कमी असतो. लेस सैल ठेवून पाऊल पुढे सरकवायला सांगा. टाचेमागे तुमचं एक बोट मावलं तर वाढीपुरती जागा आहे. दोन मावली तर तो जोड नको. मग लेस बांधून उभं करा. ताठ उभं असताना पायाची बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत.

वापरलेले जोडही घ्या, फक्त घोट्याशी मऊ पडलेले नकोत.